अर्धापूरची फाइल

दार उघडलं, सुपडूअण्णांनी नाक वर केलं, आणि आत पाऊलही न टाकता ते म्हणाले, "झाली."

"काय झाली?" योगितानं विचारलं.

"केळी झाली, पोरी. आज खा, उद्या खा. परवा गाईले टाका."

त्यांनी आत हात घालून दिवा लावला. छतापर्यंत रचलेले सहाशे क्रेट, आणि एकेका क्रेटमध्ये पिवळ्याजर्द फण्या. वास असा गोड आणि जड की घशात बसावा. एरवी कुणालाही ते दृश्य बघून बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी मंगळवार होता. महाशिवरात्र शुक्रवारी होती, आणि ही केळी उपवासासाठी गुरुवारी सकाळी बाहेर काढायची होती. देठाशी हिरवी आणि अंगावर नुकता पिवळा रंग चढलेली, म्हणजे शुक्रवारी लोकांच्या ताटात ती नेमकी पिकलेली पोचली असती.

"मी रविवारीच म्हटलं व्हतं," अण्णा म्हणाले. "खोली कोमट लागते मले."

योगितानं भिंतीवरच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. "अठरा अंश आहे, अण्णा. रविवारीही अठराच होतं. बघा ना सर, शुक्रवारी खोली बंद केली तेव्हापासून अठराच आहे."

ते ‘सर’ मला होतं. सकाळी सात वाजता तिचा जळगावला फोन आला होता, "सर, जरा सावद्याला येता का? अण्णा म्हणतायत, काहीतरी बिघडलंय." मॅडमना सांगितलंस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नाही, आधी तुम्हालाच केला." मी मोटारसायकल काढली. आता सांगायला लाज वाटते, पण भुसावळ ओलांडेपर्यंत मी शीळ घालत होतो.

त्याला कारण होतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमची सात माणसांची कंपनी होती. केळी पिकवण्याच्या खोल्या, शीतगृहं, अळिंब्यांच्या शेड असल्या जागांमधली यंत्रं संगणकावर चालवायचा प्रोग्राम आम्ही करायचो. उज्ज्वला फालक मालकीण, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. प्रोग्राम सगळीकडे एकच असायचा, पण प्रत्येक जागेची सेटिंगची फाइल वेगळी. खोली किती अंशावर ठेवायची, पिकवायचा वायू किती तास सोडायचा, पंखे कधी, झडपा कधी, अशा दोनशे-अडीचशे ओळी. नवी जागा आली की ज्याच्या वाट्याला येईल तो ही फाइल पहिल्यापासून लिहायचा, मग त्या जागी जाऊन आठ-दहा दिवस राहायचा आणि चुका दुरुस्त करत बसायचा. झालेली फाइल ज्याच्या त्याच्या पेन ड्राइव्हवर. माझ्या पेन ड्राइव्हवर चौदा होत्या आणि तो मी खिशातून काढत नसे. कुणी अडलं की माझ्याकडे यावं लागे. मी त्याला जरा बसवून ठेवायचो, चहा मागवायचो, मग बघायचो.

योगिता बऱ्हाटे आली आणि वर्षभरात तिनं हे मोडलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. तिनं ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर सगळ्यांसाठी एक लायब्ररी केली. तिला आम्ही कपाट म्हणायला लागलो. प्रत्येकानं आपल्या तयार फाइली त्यात नाव देऊन ठेवायच्या. नवं काम आलं की प्रोग्रामला फक्त ते नाव सांगायचं, फाइल आपोआप त्या कामात उतरायची, आणि वेगळं असेल तेवढंच बदलायचं. प्रत्येक फाइलसोबत टीप लिहायला एक चौकट तिनं ठेवली होती. ही कुठली, कशासाठी, काय सांभाळायचं, हे त्यात लिहायचं.

"म्हणजे दहा दिवसांचं काम एका सकाळी," ती मॅडमना म्हणाली होती.

मॅडम खूश झाल्या. बाकीच्यांनी फाइली दिल्या. मी दोन महिने टाळलं. फॉरमॅट जुना आहे, नीट लावून देतो, वेळ नाही, असं काहीबाही सांगत राहिलो. शेवटी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "हितेंद्र, तुझ्या कधी येणार?" त्या संध्याकाळी मी चौदाच्या चौदा फाइली कपाटात टाकल्या.

आणि सावदा हे कपाटातल्या फाइलवर उभं केलेलं पहिलं मोठं काम होतं. योगितानं एकटीनं केलेलं. तेही फसलं होतं. म्हणून ती शीळ.

मी स्वेटर चढवला आणि खोलीत शिरलो. स्वेटर लगेच काढावासा वाटला. अण्णांचं बरोबर होतं. अठरा अंशाच्या खोलीत असं वाटत नाही. मी मान वर करून सेन्सर शोधला. तो छताला नव्हता. वायरला लोंबत, क्रेटच्या रांगांच्या मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर होता. जिथं असायला हवा अगदी तिथं.

तो बघितला आणि मला कळलं. सगळंच कळलं, एका झटक्यात.

"तू कुठली फाइल घेतलीस?" मी बाहेर येऊन विचारलं.

"अर्धापूरची. तुमचीच. तीही केळीची खोली, एवढ्याच क्रेटची. म्हटलं सगळ्यात जवळची तीच."

"लॅपटॉप दे."

मी तिच्याकडे पाठ करून बसलो, फाइल उघडली, एक ओळ पुसली. भिंतीवरच्या स्क्रीनवर अठराचे बावीस झाले.

योगिता त्या आकड्याकडे बघत राहिली. "हे कसं झालं?"

"सेटिंगमध्ये गडबड होती," मी म्हणालो. "कपाटातली फाइल जशीच्या तशी घेतली की असं होणारच."

तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

तेवढ्यात गफूरशेठ आले. गफूर तडवी, खोलीचे मालक. पन्नाशीचा उंच माणूस, पांढरा झब्बा, आवाज कधी चढायचा नाही. आत जाऊन त्यांनी एक केळं तोडलं, सोललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं माझ्या हातात दिलं.

"चव चांगली आहे," ते म्हणाले. "पण भाऊ, शिवरात्र शुक्रवारी आहे. माझ्या आजोबांपासून या भागातल्या मंदिरांना उपवासाची केळी आमच्या घरून जातात. बेचाळीस गावांत मी शब्द दिलाय. त्यांना काय सांगू, यंदा शंकराला मंगळवारीच जेवू घाला?"

"काहीतरी करतो, शेठ," मी म्हणालो.

मग मी जरा लांब, लिंबाखाली जाऊन मॅडमना फोन लावला. खोली चार अंश जास्त तापलेली होती, फाइल कपाटातली होती, योगितानं ती तपासली नाही, असं मी सांगितलं. यातला एक शब्द खोटा नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "मला आधीपासून धाकधूक होतीच. एकाचे कपडे दुसऱ्याला घातले की असं व्हायचं. ते कपाट बंद करूया. आजपासून ज्यानं त्यानं आपली फाइल आपण लिहायची, पहिल्यासारखं. सावदा तू हातात घे. योगिताला म्हणावं संध्याकाळी ऑफिसात येऊन भेट."

दोन महिने मला जे हवं होतं ते सगळं सहा वाक्यांत मिळालं होतं. मी फोन खिशात ठेवला. परत शीळ घालावी असं मात्र काही वाटलं नाही.

इकडे अण्णांनी सूत्रं हातात घेतली होती. सुपडूअण्णा बोंडे. चाळीस वर्षं वखारीत धूर देऊन केळी पिकवणारा माणूस. यंत्र आलं तेव्हा ते रुसून घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते पहिल्याच दिवशी स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसले आणि हे बटन कशाचं, ते कशाचं, म्हणून योगिताला दिवसभर विचारत राहिले.

"हे पाहा," ते म्हणाले. "समदी एकसारखी नाही पिकली. पंख्याजवळची रांग मागं हाये. देठ अजून हिरवा हाये तिचा. अर्धा माल वाचन. हिरव्या देठाची फणी इकडं, पिवळ्या देठाची तिकडं. खोली किती थंड करता येईन?"

"साडेतेरापर्यंत," योगिता म्हणाली. "त्याखाली गेलं की साल काळी पडते."

"मंग कर साडेतेरा. हिरव्या देठाची आत ठेवू. शुक्करवारलोक निजून राहातीन. बाकीची आजच्या आज बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"तोंडात," अण्णा म्हणाले. "जिथं तोंड हाये तिथं."

गफूरशेठनी फोन काढला आणि पुढचा तासभर तो कानावरून खाली आला नाही. बारा शाळांचे मुख्याध्यापक, दोन वसतिगृहं, एक सूतगिरणी, लग्नाचे तीन मांडव, एस.टी. आगारातले ओळखीचे वाहक. कुठं स्वस्तात, कुठं नुसतंच. एका मुख्याध्यापकांना ते समजावत होते, "गुरुजी, मुलांना सुट्टीत दोन-दोन द्या. नाही, सण काही नाही. असंच. चांगल्या माणसाला कारण लागतं का?" मग त्यांच्या पुतण्यानं रिक्षावर भोंगा बांधला, आणि अर्ध्या तासात सावद्याच्या गल्ल्यांमधून आवाज फिरायला लागला: आज केळी, गोड केळी, पिशवी घेऊन या. लोक खरंच पिशव्या घेऊन आले. एक आजीबाई तर घागर घेऊन आल्या. अण्णांनी ती शिगोशीग भरून दिली आणि घागर उचलायला दोन माणसंही दिली.

फण्या निवडायला आम्ही बाराजण बसलो होतो. माझ्यासमोर योगिता. मधे क्रेट. ती झरझर निवडत होती. हिरवा देठ डावीकडे, पिवळा उजवीकडे.

मग तिनं मान वर न करता विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

"संध्याकाळी भेट म्हणाल्यात."

"आणि कपाट?"

"बंद करायचं म्हणतायत."

तिचा हात थांबला. "सर, एक करा. मॅडमना तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील त्या. चूक माझी आहे, कपाटाची नाही. मला काढायचं तर काढू देत. पण ते बंद करू नका म्हणावं. मागच्या महिन्यात वरणगावचं काम आपल्या सागरनं दोन दिवसांत केलं, त्याची बायको बाळंत व्हायची होती म्हणून. नाहीतर तो दहा दिवस तिथंच अडकला असता." ती जरा थांबली. "अण्णांनी मला सांगितलं होतं, खोली कोमट आहे. मी त्यांना स्क्रीन दाखवली. माणसाच्या अंगापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवला. ही माझी चूक."

माझ्या हातात एक फणी होती. डावीकडे टाकायची की उजवीकडे, मला सुचेना. मी ती मांडीवर ठेवली.

"योगिता," मी म्हणालो, "तुझी चूक नाही."

"म्हणजे?"

"अर्धापूरच्या खोलीला वर पत्रा आहे. तिथं सेन्सर पत्र्याच्या खाली, अगदी चिकटून ठोकलाय. ऊन तापलं की तो चार अंश जास्त दाखवतो. मालक भिंत फोडू देईना. मी तिथं अकरा दिवस होतो. सहा दिवस तर नेमकं काय चुकतंय तेच कळत नव्हतं. लॉजमध्ये ढेकूण होते. रोज चिडलेल्या मालकाचं तोंड बघायचं. सातव्या दिवशी शिडीवर चढलो तेव्हा कळलं. मग फाइलमध्ये एक ओळ घातली, सेन्सर सांगेल त्यातून चार वजा कर."

ती बघत होती.

"इथला सेन्सर बरोबर जागी आहे. तो खरं सांगत होता. माझी ओळ त्यातून चार वजा करत होती. खोली बावीसवर, स्क्रीन अठरावर. मघाशी मी तीच ओळ पुसली."

"टिपेत ते..." ती म्हणाली आणि थांबली.

"टीप रिकामी आहे. ती मी मुद्दाम रिकामी ठेवली." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "फाइली कपाटात टाकल्या त्या संध्याकाळी मी टीप लिहायला घेतली होती. ‘सेन्सर पत्र्याखाली’ एवढं लिहिलंही होतं. मग मनात आलं, माझे अकरा दिवस हिला एका मिनिटात कशाला द्यायचे? अडू दे कुणीतरी. अडलं की विचारायला येतील. आणि लिहिलेलं पुसून टाकलं."

आसपास माणसं होती, भोंग्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला रिकामा क्रेट फेकायला सांगत होतं. मला वाटलं, आता ही उठून जाईल. किंवा चार शब्द सुनावेल. तिनं मांडीवरची माझी फणी उचलली, देठ बघितला आणि उजवीकडे टाकली.

"टीप रिकामी आहे हे मी बघितलं होतं," ती म्हणाली. "फाइल घेतली तेव्हा. तुम्हाला विचारायचं म्हणून फोनही हातात घेतला होता."

"मग केला का नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

मी विचार केला. मी काय म्हणालो असतो ते मला अगदी शब्दाशब्दानं ऐकू आलं. एवढंही कळत नाही का, असं मी म्हणालो असतो. मग तिला जरा ताटकळत ठेवलं असतं. वर, आता तुमचं कपाट कुठं गेलं, असंही विचारलं असतं.

"नाही केलास ते बरोबरच होतं," मी म्हणालो.

"बरोबर कसं? केला असता तर ही केळी गुरुवारी निघाली असती," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. का ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा सकाळपासून छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं असावं. ती हसली म्हणून मीही हसलो, आणि आम्ही दोघं केळ्यांच्या ढिगाऱ्यात वेड्यासारखे हसत बसलो.

अण्णा मागे येऊन कधी उभे राहिले होते कोण जाणे. "दोघायचं बोलून झालं असन," ते म्हणाले, "त तो क्रेट उचला. वसतिगृहाची गाडी आली."

आम्ही क्रेट उचलला. गाडी भरून दिली. मग मी परत लिंबाखाली गेलो आणि मॅडमना फोन केला. या वेळी मी कुठलाही शब्द चुकवला नाही. टीप पुसली तेही सांगितलं.

पलीकडे केबिनचं दार लावल्याचा आवाज आला.

"सकाळी मला सांगितलंस तेही खरंच होतं, नाही का?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"म्हणूनच मला तुझी जास्त भीती वाटते, हितेंद्र." मग त्यांनी सांगितलं, "आता हेच गफूरशेठना तू जाऊन सांग. मी फोनवर सांगणार नाही. तू, त्यांच्यासमोर उभं राहून. मग उद्या ये, आपण बघू."

गफूरशेठ ओट्यावर बसून रिकाम्या क्रेटवर खडूनं खुणा करत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांना सेन्सर, फाइल, टीप यातलं काय कळेल असं वाटलं होतं, पण त्यांनी मधे दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "ताईंचं कामही बरोबर. चुकलं ते तुमचं मन."

"हो, शेठ."

त्यांनी खडू खाली ठेवला. "सकाळपासून मला घोर लागला होता, हे यंत्रच नकली निघालं की काय. त्याला मी काय विचारणार होतो? माणसाचं बरं असतं. समोर येऊन सांगू शकतो." मग त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली. "पण भाऊ, शुक्रवारी सकाळी तुम्ही इथं पाहिजेत. बेचाळीस गावं आहेत आणि माझ्याकडे गाडीत बसणारी माणसं कमी आहेत. क्रेट उतरवायला याल ना?"

शुक्रवारी पहाटे मी गेलो. साडेतेरा अंशावर निजलेली केळी अण्णांनी बुधवारी दुपारी तपासली, गुरुवारी दोनदा, आणि शुक्रवारी दार उघडून मला म्हणाले, "पाह्य, भो." रंग असा लागला होता की चित्रात काढावा. अर्धाच माल होता. गफूरशेठनी प्रत्येक गावात निम्मेच क्रेट दिले आणि कारण सांगायला माझ्याकडे बोट केलं. मी आमच्या गाडीच्या वाट्याच्या सतरा देवळांच्या पायऱ्यांवर क्रेट उतरवले आणि सतरा वेळा सांगितलं की चूक माझी. दहाव्या गावापर्यंत लाज वाटत होती. पुढे पुढे लोकच म्हणायला लागले, जाऊ द्या हो, प्रसादाला पुरतंय. एका पुजारीबुवांनी तर मला उपवासाची साबुदाण्याची खिचडी खायला घातल्याशिवाय सोडलं नाही.

कपाट बंद झालं नाही. त्याऐवजी योगितानं प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. टीप रिकामी असेल तर फाइल कपाटातून बाहेर येणार नाही. तिनं ते सुरू केलं त्या सकाळी ऑफिसातलं सगळं काम ठप्प झालं. एकूण त्रेसष्ट फाइली, त्यांतल्या एकावन्न अडकल्या. सागरच्या नऊच्या नऊ अडकल्या. काहींत टीप म्हणून ‘ठीक’ एवढंच होतं, तेही प्रोग्रामनं नाकारलं. मॅडम आपल्या केबिनमधून ओरडल्या, "माझी का उघडत नाही?" आणि सगळं ऑफिस खाली मान घालून हसायला लागलं. मॅडमनी स्वतः लिहिलेल्या सहा फाइली होत्या, कंपनी सुरू केली तेव्हाच्या. सहाही टिपा रिकाम्या. मग त्या बाहेर येऊन आमच्यातच खुर्ची टाकून बसल्या. तो सबंध आठवडा आम्ही जुन्या जागा आठवण्यात घालवला. कुठं दार नीट लागत नव्हतं, कुठं वीज दुपारी जायची, कुठल्या मालकानं झडपेसमोर बेसिन बांधलं होतं. मी तोवर या माणसांबरोबर सहा वर्षं काम केलं होतं, पण त्यांनी काय काय सोसलंय ते मला त्या आठवड्यात कळलं.

महिन्याभरानं गफूरशेठच्या मेहुण्यानं फैजपूरला दोन खोल्या बांधल्या आणि काम आमच्याकडे आलं. मॅडमनी योगिताला प्रमुख केलं आणि मला तिच्या हाताखाली दिलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत, कागदावर तशी नावं लिहिली, एवढंच. मला वाईट वाटेल असं मी धरून चाललो होतो. त्या सकाळी आम्ही बसनं फैजपूरला पोचलो, योगितानं लॅपटॉप उघडला, अर्धापूरचं नाव टाकलं, आणि स्क्रीनवर आधी माझी टीप आली. तिनं ती मोठ्यानं वाचली: पत्रा, ऊन, शिडी, चार अंश. मग म्हणाली, "चला सर, वर बघा."

मी शिडीवर चढलो. वर काही नव्हतं; इथलाही सेन्सर खाली, मधोमध लोंबत होता. "खरा आहे," मी वरूनच सांगितलं. तिनं ती ओळ काढली. पारा असलेला साधा तापमापक आत ठेवून आम्ही अर्धा तास बसलो. दोन्ही आकडे जुळले. दुसऱ्या खोलीत तेच. मेहुणे चहा घेऊन आले तेव्हा सांगायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," योगिता म्हणाली.

साडेअकरा वाजले होते. माझ्या बॅगेत आठ दिवसांचे कपडे, टॉवेल, डासांची अगरबत्ती आणि वाचायला दोन जाड मासिकं होती. योगितानं नुसता डबा आणला होता. मी बॅगेची चेन उघडली आणि परत लावली, आणि पुढे काय करायचं ते मला खरोखर सुचेना. इतक्या वर्षांत कामाच्या जागी मी असा मोकळा कधी उभाच राहिलो नव्हतो.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. सुपडूअण्णा मुद्दाम सावद्याहून आले होते, खोल्या बघायला. त्यांनी दोन्ही खोल्यांत जाऊन, शर्टाची बाही वर करून, हवा अंगाला लावून घेतली. बाहेर आले.

"अठरा," ते म्हणाले.

योगितानं स्क्रीन बघितलीसुद्धा नाही. "हो, अण्णा."

"मंग चला मळ्यात. वांगी भाजाले टाकून आलो हाये. यंदाचं शेवटचं भरीत. पोरी, तो डबा राहू दे, संध्याकायी खाजो." मग माझ्या बॅगेकडे बघून त्यांनी विचारलं, "अन् तू, भो? मुक्कामाले आला का काय?"

"आलो होतो," मी म्हणालो, आणि बॅग त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवली.